शेंडा दोन बोटं आखूड

तलवाडा,
बहमन, फसली १३३५

प्रिय मोहन,

टुप्. गालात बोट घालून फटकन बाहेर काढलं की होतो ना, तसा आवाज. पाणीसाहेब सकाळी तंबूपुढे खुर्ची टाकून बसायचा, गळाच्या काठीचे दोन तुकडे पितळी जोडात जुळवायचा आणि पुन्हा ओढून वेगळे करायचा. टुप्. आपण दोघं बाभळीखाली उकिडवे बसून ऐकत असू. तो आपल्या हैदराबादी बोलीत म्हणायचा, "सुने क्या? अच्छी काठी बोलती. नै बोली तो नक्को लेना." चाळीस वर्षं झाली. पंतोजींच्या शाळेतले श्लोक अजून कानात आहेत, घाटावरच्या घंटा आहेत, आणि पहाटे कधी जाग आली तर का कोण जाणे, आधी तो टुप् आठवतो. मग तू आठवतोस. मग झोप येत नाही.

मागच्या महिन्यात तुझं पत्र आलं. गेवराईच्या डाकबंगल्यात बदलून निघालेल्या एका साहेबाच्या सामानाची हर्राजी आहे, बोली लावून सगळं विकणार आहेत, त्यात गळाच्या काठ्या आहेत, ही खबर तुला तिकडे कडा गावात बसून लागते आणि मला तलवाड्यात लागत नाही, यातच सगळं आलं. तू लिहिलंस, "माझी काठी त्यात आहे का बघ. असली तर किती द्यावे तेही सांग, मी माणूस पाठवतो. माझ्या डोळ्याला आता दिसत नाही, आणि दिसत होतं तेव्हाही तुझ्याइतकं कळत नव्हतं." हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. चाळीस वर्षांपूर्वी, साहेबाच्या देखत, एकदा म्हणाला असतास तर!

मी तुला चार ओळींचं कार्ड टाकलं, की काठ्या पाहिल्या, तुझी त्यात नाही, घेण्याजोगं काही नाही. ते घाईचं होतं. आता नीट लिहितो, कारण एवढ्या लांब जाऊन आपण काय पाहिलं ते मित्राला सांगायला हवं, आणि दुसऱ्याही एका कारणासाठी, जे पुढे येईल.

हर्राजी म्हणजे जत्राच. साहेबाची घडीची खाट, आंघोळीचा टब, एक पिंजरा, आणि भिंतीशी टेकवलेल्या चार काठ्या. लोकांना वाटलं त्या झेंड्याच्या. शिरूर कासारकडचा सिदू धनगर मेंढरं सोडून आलेला, त्यानं एक उचलली, हवेत हलवली, तिचा शेंडा वेतासारखा लवलवला. म्हणाला, "हिच्यानं मेंढरू वळायचं न्हाई. मेंढरूच हिला वळवील." हर्राजी पुकारणारा पेशकारसुद्धा हसला. मी मात्र चष्मा पुसून खाली बसलो. पाणीसाहेबानं बाभळीखाली जे शिकवलं होतं ते सगळं एकामागोमाग एक आठवायला लागलं, शाळेत श्लोकाचा पहिला चरण आठवला की पुढचे आपोआप येत तसं. पहिली काठी फार चकाकत होती. वास घेतला, तर वार्निश ताजं. पोळ्याला शिंगांना हिंगूळ लावला म्हणून बैलाचं वय काही कमी होत नाही. नखानं खरवडल्यावर खाली कड्या बांधणारे रेशमाचे वेढे सुटलेले दिसले. ती ठेवली. दुसरी आडवी पडलेली असताना सरळ दिसे. सुतार तुळई बघतो तसा एक डोळा मिटून बुडख्याकडून शेंड्याकडे बघितलं, तर बाक. वर्षानुवर्षं कोपऱ्यात टेकवून ठेवली होती कोणीतरी, तिनं कोपऱ्याचं वळण घेतलं. तिसरीचे जोड ओढले, ते नुसतेच निघून हातात आले. मुकी. आत सुती दोरा गुंडाळून घट्ट केल्याचं सोंग होतं.

चौथीकडे येण्याआधी थोडा मागे जातो. म्हाताऱ्या माणसाला मागे जाण्याची मुभा असते, आणि तुला तर माझी सवय ठाऊक आहे.

आपण वीस वर्षांचे होतो. पाणीसाहेब गोदागंगेचं पाणी मोजायला आला होता, राक्षसभुवनच्या डोहाशी त्याचे तंबू पडले, आणि गावात लिहिता-वाचता येणारा म्हणून पंतोजींनी मला आणि पाटलाचा मुलगा म्हणून तुझ्या वडिलांनी तुला तिकडे धाडलं. आकडे मी मांडत असे. तू बेडूक धरीत असस. मरळ माशाला जिवंत बेडूक लागतो आणि तो चिखलात हात घालून धरायला तुझ्याइतकं निर्लज्ज कोणी नव्हतं. साहेबाला काठ्यांचं वेड. मुंबईहून, पुण्याहून जुन्या मागवायचा आणि आलेली प्रत्येक पेटी आपल्यापुढे उघडायचा. कोणती ठेवावी, कोणती परत करावी, हे तो आपल्याला विचारी. दहापैकी नऊ वेळा माझं उत्तर बरोबर येई. तुझं चुके, आणि चुकलं की तू असा हसायचास की साहेबही हसे. बरोबर उत्तरावर कोणी हसत नाही, मोहन. मी एकदा त्याला भुजंगप्रयातात एक अख्खं कवन म्हणून दाखवलं. तो ऐकत होता, मान डोलावत होता, आणि मधेच तुला म्हणाला, "मोहन, वो मेंडक भाग गया."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं आपली आवडती काठी, तीच, बांबूच्या सहा चिरा जोडून केलेली, पाटलाच्या आणि सगळ्या गावाच्या देखत तुझ्या हातात दिली. मला एक दौत दिली. चांगली काचेची होती. मी तिच्यातल्याच शाईनं त्या दिवशी दोन ओळी लिहिल्या, आजवर कोणाला दाखवल्या नाहीत:

तुझी काठि वाके जशी चंद्रकोर
मला ना मिळाली, जळे जीव घोर

'घोर' हे केवळ 'कोर'शी जुळावं म्हणून. पंतोजींनी छडीच मारली असती. पण 'जळे' हा शब्द मात्र यमकासाठी नव्हता.

आणि ते तिथंच थांबलं नाही. तुला पाटीलकी मिळाली, मला गावच्या शाळेची खुर्ची. तुझ्या घरच्या लग्नात हत्ती मागवले, मी मंगलाष्टकं रचली. लोकांनी हत्तीची चर्चा वर्षभर केली. तू कड्याला सासऱ्याच्या इस्टेटीवर गेलास, तर वाटलं आता डोळ्यांआड झालास, जरा थंडावा मिळेल. पण जो येई तो तुझंच सांगे. मोहनरावांचं बोलणं असं, मोहनरावांचं जेवणावळीतलं वाढणं तसं. तुळजाबाई, माझी बायको, माझ्याकडे बघून एकदा म्हणाली, "तुमी त्यांचं नाव निघालं की पान कावून चावता एवढं? दात पडतील." पडलेच.

तर चौथी काठी. मळक्या हिरव्या कापडी पिशवीत होती. नाडी सोडली, तुकडे बाहेर काढले, जुळवले, आणि ओढले. टुप्. हर्राजीतला सगळा गलबला त्या एका आवाजापुढे गप्प झाला असं मला वाटलं. सिदू म्हणाला, "मास्तर, ही बोलली का काय?" मी म्हणालो, "बोलली." मग मी वितीनं मोजायला बसलो. आपल्याला पाठ होतं, प्रत्येक तुकडा पुऱ्या पाच विती, माझ्या हातानं. भरला साडेपाच. खोटं सांगत नाही, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. ही ती नव्हेच! मग लक्षात आलं की काठी वाढली नाही, वीत आखडली. माझी बोटं आता पसरत नाहीत, अंगठा आणि करंगळी एकमेकांकडे ओढ घेतात. तेव्हा साहेबाची शेवटची शिकवण केली, जी तू कधीच करत नसस. तिन्ही तुकडे शेजारी शेजारी जमिनीवर ठेवले. सारख्या लांबीचे असतील तर काठी अखंड. शेंड्याचा तुकडा आखूड असेल तर तो कधीतरी मोडला, कापला, आणि दोरी ओवायची कडी पुन्हा बांधली. अशा काठीचं मोल निम्मं. बुडखा आणि मधला बरोबरीचे निघाले. शेंडा दोन बोटं आखूड.

मी तो उन्हात धरला. टोकाच्या कडीखाली, कोणा साहेबानं नंतर दिलेल्या वार्निशाच्या तपकिरी थराखाली, लाल-पिवळा धागा दिसत होता. विलायतेत काठीला हिरवं रेशीम बांधतात, काळं बांधतात. देवीच्या ओटीतला नाडा कोण बांधील? तो नाडा आपल्या गावच्या देवीचा होता, मोहन. आणि गाठ माझी होती.

आता सांगतो. चाळीस वर्षं जे वाक्य मी मनात फिरवून फिरवून गुळगुळीत केलं ते असं होतं, की मला काठी फक्त हातात धरून बघायची होती. तू ती बाभळीला टेकवून साहेबाच्या पंगतीला गेला होतास. मी उचलली, एकदा हलवली, आणि ती दगडाला लागून मोडली. हे वाक्य चांगलं आहे, वृत्तात बसतं. खरं असं आहे, की मी शेंडा दगडाच्या खाचेत घातला आणि वाकवला, आणि तो वाकला, सुंदर वाकला, चंद्रकोरीसारखा, आणि तरीही मी थांबलो नाही. कडकन मोडल्यावर मात्र भ्यालो. चिरफळलेलं टोक चाकूनं कापलं, कडी लाखेनं चिकटवली. रेशीम कुठलं आणू? मनगटाला देवीचा नाडा होता, आईनं नवरात्रात बांधलेला. तोच सोडून वेढे दिले, वरून काताचं पाणी चोळलं. दुरून कळत नव्हतं. फक्त कडी जराशी तिरपी बसली, आणि तिच्या कडेची धार मी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशीचं तुला आठवत असेल. साहेब निघण्याआधी तुझी काठी चालते कशी ते बघायला काठावर उभा, पाटील उभे, अर्धं गाव उभं. सटवा भोई तुला घेऊन होडीत, गळ त्यानंच बांधलेला. तुझ्या गळाला मासा लागला तेव्हा होडी फिरली. एवढा मासा त्या डोहात पुन्हा कोणी पाहिला नाही. आणि दोरी तुटली. होडी काठाला लागली तशी साहेबानं टोपी खाली आपटली, विचारलं, "गाठ कोण मारा?" तू म्हणालास, "सटवानं." तुझ्या मनात काही नव्हतं, विचारलं ते सांगितलंस. पाटील त्याच्यावर धावून गेले. सटवा म्हणाला, "पाटील, गाठ म्या मारली. पर गाठ सुटली न्हाई. दोरी कापलीय." पाटील म्हणाले, "कावून कापली?" तेव्हा त्यानं तुझ्या हातातली काठी घेतली, शेंड्यावरून अंगठा फिरवला. कडीपाशी थांबला. मग मान वर करून सगळ्यांमधून नेमकं माझ्याकडे पाहिलं. माझं मनगट उघडं होतं. मी हात मागे घेतला. तो म्हणाला, "काय ठावं." एवढंच. पाटलांनी त्याची होडीची पाळी दुसऱ्याला दिली, आणि आठ दिवसांत सटवा बायको घेऊन गंगा उतरून गेला. तो का बोलला नाही, हे मला आजही माहीत नाही. कदाचित मास्तर होणाऱ्या पोराविरुद्ध भोयाचं कोण ऐकणार होतं. महिन्याभरात तुझ्या वडिलांनी ती काठी तालुकदाराला नजर केली, आणि मी देवीला नारळ फोडला.

गेवराईला तो शेंडा हातात धरून मी बसलो होतो आणि मनात पहिली गोष्ट आली ती सटवाची नव्हती. आली ती ही, की मोहनला ही पुन्हा मिळणार. पहिल्यांदा न मागता मिळाली, दुसऱ्यांदा नुसतं पत्र टाकून. पेशकार ओरडला, "आखरी काठी! बोलो!" मी बोललो. माझ्याविरुद्ध सिदू होता, तोही थट्टेनं. हाली शिक्क्याच्या पाच रुपयांना सुटली. मग मी डाकबंगल्याच्या पायरीवर बसूनच तुला ते कार्ड लिहिलं, काठी मांडीवर ठेवून. टेकायला तिचाच बुडखा घेतला.

घरी आणली तेव्हा तुळजाबाई म्हणाली, "एवढ्या काठीनं आभाळ खाजवायचंय का?" मी तिला म्हणालो, माझी आहे. चार दिवस रोज पिशवीतून काढत होतो. एका सकाळी गाडी जुंपून डोहावर घेऊन गेलो. दोरी फेकली, ती माझ्याच पागोट्यात अडकली. मनगट वळेना, खांदा वर जाईना. काठावर धुणं धुणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तुझ्यावर अशा हसल्या असत्या तर तूही हसला असतास आणि त्यांनी तुला माशाचा रस्सा आणून दिला असता. मी काठीचे तुकडे वेगळे केले. टुप्. तिथंही ती बोलली, आणि मला वाटलं ती कोणाशी बोलते ते मला कळलं; माझ्याशी नव्हे.

मग परवा तुझं दुसरं पत्र आलं. कार्डाचा राग नाही, शंका नाही, "तू बघितलंस म्हणजे मला तसल्ली आहे." आणि पुढे जे लिहिलंस त्यासाठी मी तुला कधी क्षमा करणार नाही. लिहिलंस, की काठी तुला स्वतःला नकोच होती. कड्याच्या बाजारात तुला सटवा भेटला, सत्तरी ओलांडलेला, शिरूरकडे नातवांपाशी राहतो. तू त्याला म्हणालास, "तेव्हा मी तुझं नाव घेतलं आणि तुझं गाव सुटलं, मला माफ कर." तो म्हणाला, "त्या काठीला एकडाव हात लावायचा व्हता, बाकी काय न्हाई." म्हणून तू शोधत होतास. त्याला द्यायला. मी समजत होतो तू हावेनं मागतोस. तेवढंच तरी तुझ्यात माझ्यासारखं असावं, ही माझी शेवटची आशा होती. तीही घेतलीस. पाप मी केलं, आणि माफी मागायचा मानसुद्धा तुला मिळाला.

तेव्हा आता या पत्राचं कारण. काठी खरी आहे, तुझीच आहे, आणि माझ्या घरात खुंटीवर आहे. मोल विचारलं होतंस ना: शेंडा अखंड असता तर चाळीस रुपये हाली, आता वीस, निम्मं मी केलं. ती मी उद्या गाडीनं तुझ्याकडे पाठवतो. तू ती सटवाला दे, आणि देताना सांग की शेंडा बिभीषण मास्तरानं मोडला, नाडा बिभीषणानं बांधला. तूच सांग. शिरूरला जाऊन त्याच्यापुढे उभं राहणं माझ्यानं होणार नाही, मला चालवत नाही आणि थंडी फार आहे. तुला लोकांशी बोलणं जमतं, तुझ्या तोंडून कोणाला काही लागत नाही. या एका गोष्टीत मी तुझा हेवा करीत नाही, तुझ्याकडे मागतो. आणि तो काय म्हणाला ते मला कळवू नकोस. किंवा कळव. तुला योग्य

थांब. अंगणात कोणीतरी आलं आहे. तुळजाबाई विचारते आहे, कोण पाहिजे. म्हाताऱ्याचा आवाज आहे, दमलेला. इथं सगळं ऐकू येतं: "मास्तर हायेत का घरात? सटवा आलाय म्हनावं, राक्षसभुवनचा. मोहनराव म्हनले मास्तरांनी काठी बघितली, ती न्हवं. म्हनलं एकडाव आपुन इचारावं, कुनी घेतली ती. शेंड्याला देवीचा नाडा आसंल तर तीच हाय. मला ठावं हाय ते." आता तुळजाबाई त्याला म्हणते आहे, "आत या की बाबा. काठी तर इथंच हाय, तुमच्या डोक्यावर, खुंटीला." ती पिशवी काढून त्याच्या हातात देते आहे. आणि आता, मोहन, पडवीतून,

टुप्.

मी उठतो.

तुझाच,
बिभीषण